मातीतून निघालेलं लोखंड: आधी ओळखा, मग घासा

आजचा विषय जरा गंजलेला आहे, पण कामाचा आहे. शेततळ्याचं खोदकाम असो, रोजगार हमीवरचं नाला खोलीकरण असो, की जुनं घर पाडून नव्या घराचा पाया खणणं असो, मातीतून लोखंड निघत राहतं. कुदळीला खण्णकन काहीतरी लागतं. वर काढलं तर तांबड्या मातीचा एक गोळा. कुणी म्हणतं खिळा आहे, कुणी म्हणतं तलवारीची मूठ आहे. दुपारपर्यंत ते बांधावर पडून राहतं आणि आठ दिवसांनी भंगारवाल्याच्या तराजूत जातं.

आमच्या गटातल्या बऱ्याच जणी खोदकामावर जातात, त्यामुळे या वस्तू आमच्या हातातून सारख्या जातात. म्हणून आम्ही ठरवलं, की या विषयाची नीट माहिती करून घ्यायची आणि ती सगळ्यांना सांगायची. कारण या गंजलेल्या गोळ्यात तीनपैकी एक गोष्ट असू शकते. एक, अजून वीस वर्षं वापरता येईल असं अवजार. दोन, शेकडो किंवा हजारो वर्षं जुनी वस्तू, जी घासली की संपलीच. आणि तीन, जिवाला धोका असलेली वस्तू. तिन्ही दिसायला सारख्याच. फरक ओळखता आला पाहिजे.

गंज म्हणजे काय

लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज चढतो. नुसत्या कोरड्या हवेत तो फारसा चढत नाही. पावसाळ्यात अंगणात विसरलेला विळा दोन दिवसांत तांबडा होतो, आणि तोच विळा उन्हाळ्यात माळ्यावर महिनाभर पडला तरी तसाच राहतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मीठ असेल तर गंज आणखी वेगानं वाढतो. म्हणून कोकणात, खाडीच्या काठाला, दाराच्या कड्या लवकर झडतात.

गंजाची दुसरी खोड म्हणजे तो फुगतो. जेवढं लोखंड खाल्लं, त्याच्या दुपटीहून जास्त जागा त्याचा गंज घेतो. स्लॅबमधली सळई गंजली की वरचं प्लॅस्टर फुटून खाली पडतं, ते यामुळेच. मातीत पडलेली वस्तू अशीच फुगते आणि फुगताना आजूबाजूची माती, खडे, मुळं सगळं आपल्यात ओढून घेते. म्हणून बोटाएवढा खिळा वर येताना अंगठ्याएवढा जाड दिसतो. खरा आकार त्या गोळ्याच्या आत कुठेतरी असतो.

तिसरी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जमिनीत खोल पुरलेलं लोखंड बऱ्याचदा एका जागी थांबल्यासारखं झालेलं असतं, कारण तिथे हवा कमी पोचते. ते बाहेर काढलं की भरपूर हवा मिळते आणि गंज पुन्हा जोरात सुरू होतो. शंभर वर्षं मातीत टिकलेली वस्तू वर आल्यावर एका पावसाळ्यात पापुद्रे सुटून मोडते, ती अशी. तिच्या अंगावर दमट दिवसांत घामासारखे तांबूस थेंब दिसले, तर आत मातीतला खार मुरलेला आहे असं समजायचं.

सगळ्यात आधी जीव

ओळख, सफाई, किंमत हे सगळं नंतर. आधी सुरक्षिततेचं बोलू.

वस्तू लंबगोल असेल, एका टोकाला निमुळती असेल, मागच्या बाजूला पंखांसारख्या पट्ट्या असतील, किंवा अननसासारखे चौकोन पाडलेला मुठीएवढा गोळा असेल, तर तिला हात लावू नका. लष्कराच्या सराव मैदानांच्या आसपासच्या गावांत न फुटलेले गोळे मातीत राहिलेले असतात. भंगार म्हणून ते उचलायला, फोडायला गेलेल्यांचे जीव गेलेले आहेत. वरून कितीही गंजला तरी आतली दारू मेलेली असेलच असं नाही. किल्ल्याच्या परिसरात मिळणारे लोखंडी तोफगोळे बहुधा भरीव असतात, पण काही पोकळ असत आणि त्यांत दारू भरलेली असे. भरीव कोणता आणि पोकळ कोणता हे ठोकून पाहायचं आपलं काम नाही. काम थांबवा, मुलांना लांब न्या, जागेवर काठी रोवून खूण करा आणि ११२ ला फोन लावा.

दुसरं, गंजलेल्या लोखंडाची जखम. धनुर्वात गंजामुळे होतो असं आपण म्हणतो. खरं तर त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. गंजलेल्या वस्तूच्या खरबरीत अंगावर माती चिकटलेली असते आणि जखम खोल होते, म्हणून धोका. याचा अर्थ असा, की चकचकीत नव्या खुरप्याची मातकट जखमसुद्धा तेवढीच धोक्याची. जखम साबण-पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनचं विचारा. हळद भरून घरी बसू नका.

गंज घासताना तोंडाला ओला रुमाल, डोळ्यांना चष्मा आणि हातात जाड मोजे. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंग लावलेली वस्तू कोरडी घासू नका. लहान लेकरांना तिथे बसवू नका.

लोखंड आहे की दुसरं काही

आता ओळख. आम्ही याला चार परीक्षा लावतो: चुंबक, रंग, वजन आणि आकार.

चुंबक विकत आणायची गरज नाही. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरच्या मागे गोल चुंबक असतं, ते चालतं. वस्तूला जोरात चिकटलं तर आत लोखंड शिल्लक आहे. हलकेच ओढलं गेलं किंवा चिकटलंच नाही, तर आतलं बरंचसं लोखंड गंजून गेलेलं असू शकतं. अशी वस्तू बिस्किटासारखी ठिसूळ असते. काळा गंजही थोडाफार ओढला जातो, म्हणून नुसत्या चुंबकावर निकाल देऊ नका. वजनही पाहा. आकाराच्या मानानं हलकी लागली तर ती आतून पोखरलेली आहे.

रंगावरून धातू कळतो. तांबडा, नारिंगी, काळपट म्हणजे लोखंड. हिरवा किंवा निळसर म्हणजे तांबं, पितळ, कासं. पांढुरकी राखाडी साय आणि आकाराच्या मानानं फार जड म्हणजे शिसं. काळवंडलेली पण जड आणि मऊ धारेची म्हणजे चांदी असू शकते. शिवराई नाणं तांब्याचं असतं, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं असतात. असं हिरवं नाणं मिळालं तर चिंच, राख, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावू नका. वरचा हिरवा थर निघतो तेव्हा अक्षरंही त्याच्याबरोबर निघतात.

आकार ओळखायला बाहेरच्या कुणाची गरज नाही, आपल्या सासवा आणि आजेसासवा आहेत. आम्ही एकदा सापडलेल्या वस्तू सतरंजीवर मांडून गावातल्या म्हाताऱ्या बायांना बोलावलं. त्यांनी नावांची रास घातली. अर्धचंद्रासारखी, भोकं असलेली पातळ पट्टी म्हणजे बैलाच्या खुराची पत्री. बैलाचं खूर दुभंगलेलं असतं, म्हणून त्याला दोन तुकडे लागतात. घोड्याचा नाल अखंड असतो. मोठी वाकडी पट्टी म्हणजे बैलगाडीच्या चाकाची धाव. लांब सपाट पातं म्हणजे वखराची पास, तीच लहान असली तर डवऱ्याची. टोकदार जाड तुकडा म्हणजे नांगराचा फाळ. मोठं गोल कडं म्हणजे मोटेचं. मोट आज कुणाच्याच विहिरीवर नाही, त्यामुळे ते कडं ओळखणारी पिढीही आता थोडीच राहिली आहे. याशिवाय अडकित्ता, सराटा, झारा, सांडशी, विळीचं पातं, कोयंडा, बिजागरी हे सगळं घरातलं.

खिळ्यावरून काळाचा अंदाज येतो. जुना खिळा लोहारानं ठोकून केलेला, म्हणून त्याचा दांडा चौकोनी, खाली निमुळता होत गेलेला आणि डोकं वेडंवाकडं. कारखान्यातला तारेचा खिळा गोल आणि एकसारखा. पायात चौकोनी खिळे निघाले तर ते घर किंवा ती वाडी जुनी आहे, एवढं नक्की म्हणता येतं.

बिडाची वस्तू वेगळी ओळखायची. बीड म्हणजे साच्यात ओतलेलं लोखंड: जुना तवा, खलबत्ता, जात्याचा खुंटा नव्हे, तर ओतीव जाड भांडी. ते जड असतं, वाकत नाही, पडलं की तडकतं. मोडलेली कड दाणेदार, राखाडी दिसते.

विदर्भातल्या मातीचं वेगळेपण

आपल्या भागाबद्दल थोडं सांगणं जरूर आहे. नागपूर जिल्ह्यात आणि आसपास माळरानावर मोठे दगड गोलाकार मांडलेले दिसतात. त्यांना शिळावर्तुळं म्हणतात. नागपूरजवळ जुनापाणीला ती बरीच आहेत. ही फार जुन्या काळच्या लोकांची दफनाची ठिकाणं. माहुरझरी, टाकळघाट-खापा अशा ठिकाणी उत्खनन झालं, तेव्हा त्या वर्तुळांमध्ये काळी-तांबडी मडकी, मणी, तांब्याच्या वस्तू, घोड्याचे अवशेष आणि लोखंडी हत्यारं-अवजारं मिळाली. यातली कुऱ्हाड ओळखण्यासारखी आहे. तिचं पातं दांड्याला पक्कं राहावं म्हणून त्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या आवळलेल्या असत. आजच्या कुऱ्हाडीला दांडा घालायला भोक असतं, या जुन्या कुऱ्हाडीला ते नसतं.

पेंच नदीकाठच्या नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. ती अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. म्हणजे आपल्या पंचक्रोशीत लोखंड बाहेरून विकत येत नव्हतं, इथेच दगडातून गाळलं जात होतं.

म्हणून काही ठिकाणी शेतात जड, काळे, स्पंजासारखी भोकं पडलेले आणि काचेसारखे चमकणारे दगड मिळतात. लोकांना वाटतं उल्का पडली. बहुतेक वेळा ते लोहकीट असतं, म्हणजे लोखंड गाळताना निघालेला मळ. आयुर्वेदात ज्याला मंडूर म्हणतात ते जुनं लोहकीटच. पण म्हणून रानात सापडलेलं कीट घरी कुटून कुणाला देऊ नका. त्याला बाजारात मोल नाही, पण ज्या शेतात ते ढिगानं मिळतं तिथे कधीतरी भट्टी होती, ही माहिती मोलाची आहे.

आता प्रश्न असा, की आपल्याला मिळालेला तुकडा शंभर वर्षांचा की अडीच हजारांचा, हे कसं कळणार? नुसत्या तुकड्याकडे पाहून जाणकारालाही ते कठीण जातं. काळ सांगते ती जागा. किती खोल मिळाला, शेजारी मडक्याची खापरं होती का, मणी होते का, हाडं होती का, राखेचा थर होता का, दगडांचं वर्तुळ होतं का. वस्तू उचलून घरी आणली आणि जागा विसरली, की तिची अर्धी गोष्ट गेली. तिला घासलं, की उरलेली अर्धी गेली.

जुनी वाटली तर काय करायचं

खापरं, मणी, हाडं किंवा शिळावर्तुळ यांच्याजवळ मिळालेली वस्तू जुनीच समजा. त्याच जागी खणणं थांबवा. वस्तू अजून मातीत घट्ट असेल तर तशीच राहू द्या आणि वरून पोतं टाका. हातात आलेलीच असेल तर एवढं करा.

पाण्यानं धुऊ नका. चिकटलेली माती खरवडू नका, त्या मातीत म्यानाचं लाकूड किंवा कापडाचा ठसा असू शकतो. तेल, शेंदूर, रंग काही लावू नका. मोबाइलवर तिचे फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. एक फोटो जागेचा, मागे झाड किंवा विहीर दिसेल असा. कागदावर तारीख, गट नंबर, खोली आणि ज्या बाईला सापडली तिचं नाव लिहा. वस्तू पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरड्या कागदावर ठेवा. ओल्या पिशवीत बांधून ठेवली तर ती आतल्या आत घामेजते.

मग तलाठी किंवा तहसीलदारांकडे लेखी कळवा आणि पोच घ्या. नागपूरला राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं कार्यालय आहे आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचंही आहे. तिथेही फोटो दाखवता येतात. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला आपण अजब बंगला म्हणतो, ते १८६३ पासून आहे. सहलीला गेलात तर मुलांना तिथल्या जुन्या वस्तू जरूर दाखवा. पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात तर घरगुती दिवे, अडकित्ते आणि कुलपं मांडून ठेवलेली आहेत. आपल्या आज्यांच्या हातातल्या वस्तूंना तिथे काचेच्या कपाटात जागा मिळाली आहे.

कायदा काय म्हणतो

इथे नीट कान द्या, कारण यात बाईचा हक्क आहे.

भारतीय निखात निधी कायदा १८७८ चा आहे आणि आजही चालू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू सापडली, तर सापडवणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय सापडलं, कुठे आणि कोणत्या तारखेला. शिवाय ती वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची असते किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची असते. लपवली तर आपला वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण कळवलं तर? चौकशीनंतर त्या वस्तूला कुणी मालक नाही असं ठरलं आणि जमिनीच्या मालकाबरोबर वेगळा करार नसला, तर सापडवणाऱ्याचे तीन हिस्से आणि जमीनमालकाचा एक हिस्सा, असं या कायद्यात आहे. सरकारला ती वस्तू हवी असेल तर मोल आणि वर मोलाचा पाचवा भाग देऊन ती घेता येते. ‘सापडवणारा’ म्हणजे जिच्या कुदळीला ती लागली ती. मुकादम नाही, ठेकेदार नाही, जेसीबीचा मालक नाही. कागदावर पहिल्या दिवशी तुमचं नाव गेलं पाहिजे, ते यासाठी. खोदकामावर बाई राबते आणि पंचनाम्यात नाव दुसऱ्याचं येतं, हे आता थांबवायला हवं. शेजारच्या दोघींच्या सह्या साक्षीला घ्या. अंगठा चालतो.

दुसरा कायदा १९७२ चा. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती परदेशात नेता येत नाही. गावात येऊन ‘जुनं काही असेल तर द्या, रोख पैसे देतो’ म्हणणारा माणूस कोणत्या परवान्यावर बोलतो, हे त्याला विचारा.

तिसरी गोष्ट मोबाइलवर दिसणाऱ्या व्हिडिओंची. धातू शोधायचं यंत्र जमिनीवर फिरवून वस्तू काढणं हा इंग्लंडमध्ये छंद आहे. पण तिथेही १९९६ चा कायदा आहे आणि मोलाची वस्तू चौदा दिवसांत कळवावी लागते. व्हिडिओत तेवढं दाखवत नाहीत. आपल्याकडे संरक्षित किल्ला, लेणी, शिळावर्तुळ अशा जागी परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा त्यासाठी आहे. घरातली तरुण पोरं असं यंत्र मागवायचं म्हणत असतील, तर त्यांना हे आधी सांगा.

वापरायच्या वस्तूची सफाई

आता उरली ती तिसरी रास, म्हणजे आपली अवजारं. जुन्या घराच्या मातीत निघालेले विळे, खुरपी, पहारी, पास, कुदळी. चुंबक जोरात चिकटतं, वजन भरपूर आहे, मडकी-मणी काही शेजारी नव्हते. हे बिनधास्त साफ करा.

पहिली पायरी कोरडी. वस्तू दोन दिवस सावलीत वाळवा. मातीचे गोळे लाकडी खुंटीनं हलकेच ठोकून पाडा, मग तारेच्या ब्रशनं घासा. पुष्कळ वस्तूंना एवढंच पुरतं.

दुसरी पायरी आंबटाची. चिंचेचं दाट पाणी किंवा साधं व्हिनेगर प्लॅस्टिकच्या टबात घ्या आणि वस्तू पूर्ण बुडवा. दर चार-पाच तासांनी काढून घासून पाहा. रात्रभर पुरे होतं. आंबट पाणी गंज खाऊन झाला की लोखंड खाऊ लागतं, म्हणून पातळ पात्याला विसरून जाऊ नका. काढल्यावर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा घालून त्यात बुडवा, म्हणजे आंबटपणा मरतो. मग गरम पाण्यानं धुवा, लगेच पुसा आणि चुलीच्या उबेला वाळवा. ओलं ठेवलं तर अर्ध्या तासात पुन्हा तांबडं होतं.

तिसरी पायरी विजेची, ती फार घट्ट गंजासाठी. आमच्या गटानं ती गावातल्या वायरमनला बरोबर घेऊन केली, तुम्हीही एकट्यानं करू नका. प्लॅस्टिकची बादली, दहा लिटर पाणी, तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा. बारा व्होल्टचं बॅटरी चार्जर. त्याची काळी म्हणजे उणे तार साफ करायच्या वस्तूला, लाल म्हणजे अधिक तार एका टाकाऊ लोखंडी पट्टीला. दोन्ही पाण्यात, पण एकमेकांना न लागता. बारीक बुडबुडे येतात आणि गंज सुटू लागतो, टाकाऊ पट्टी मात्र झिजते. तीन गोष्टी कटाक्षानं पाळा. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, त्यातून विषारी क्षार पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठ नको, त्यातून विषारी वायू निघतो. आणि हे काम उघड्या अंगणात करा, जवळ चूल, विडी, दिवा काही नको, कारण ते बुडबुडे पेट घेणाऱ्या वायूचे असतात. हात घालण्याआधी चार्जर बंद करून पिन काढा.

चौथी पायरी आपल्या घरची. आवळा लोखंडी विळीवर चिरला की काळा पडतो, हे तुम्हाला माहीत आहे. आवळा, हिरडा, बाभळीची साल यांत तुरट द्रव्य असतं. ते गंजाला धरून त्याचा निळसर काळा, पक्का थर बनवतं. मूठभर हिरड्याची पूड दोन लिटर पाण्यात उकळा, गाळा आणि घासलेल्या लोखंडाला ब्रशनं लावा. वाळलं की पुन्हा एक हात. बारीक खाचांत राहिलेला गंज त्यानं बसतो. हे कड्या, बिजागऱ्या, पहारी यांना उत्तम.

शेवटी संरक्षण. रोजच्या अवजाराला जवसाच्या तेलाचा पातळ हात, ते वाळून वर सायीसारखा थर धरतं आणि लाकडी दांड्यालाही चालतं. तेलाचे बोळे मात्र गोळा करून ठेवू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून मग टाका. शोभेसाठी ठेवायच्या वस्तूला गरम करून मधमाशीचं मेण लावा.

धारेचं अवजार गंज काढायला विस्तवात घालू नका. लोहारानं त्याला पाणी दिलेलं असतं, ते उतरतं आणि धार राहत नाही. नुसती धार लावायची असेल तर लोहाराकडेच न्या.

बिडाचा तवा घासून स्वच्छ धुतला, वाळवला, की तेलाचा हात लावून मंद आचेवर तापवा, निवू द्या, असं तीन-चार वेळा करा. पण मातीत मिळालेलं भांडं पूर्वी कशासाठी वापरलं हे माहीत नसेल, तर त्यात शिजवू नका. कीटकनाशक कालवलेली कढई दिसायला चांगलीच दिसते.

तराजू आपल्या हातात

भंगारात लोखंड किलोवर जातं, अवजार नगावर विकलं जातं. दांडा घालून, धार लावून, तेल देऊन ठेवलेली जुन्या लोखंडाची पास किंवा खुरपं पेरणीच्या आधी हातोहात जातं. गावातल्या गटांनी मिळून अवजारं ठेवली, तर निंदणीच्या दिवसांत एकमेकींना देता येतात आणि एकल बाईला नवं विकत घ्यावं लागत नाही. यात लोहारदादाचाही वाटा आहे. धार, दांडे, पाणी देणं हे त्याचंच काम, त्याला त्याचे पैसे द्या.

गटाच्या बैठकीच्या खोलीत एक खोकं करून ठेवा. त्यात चुंबक, मोजे, तारेचा ब्रश, टेप, वही, पेन आणि ११२ चा आकडा लिहिलेली चिठ्ठी. खोदकामाला जाणाऱ्या टोळीबरोबर वही आणि चुंबक जाऊ द्या. वहीत पाच रकाने पुरेत: तारीख, जागा, किती खोल, काय मिळालं, कुणाला मिळालं. संशय आला तर घासू नका, वस्तू महिनाभर खोक्यात थांबली तर काही बिघडत नाही. गंज काय, कधीही काढता येतो. काढलेला परत लावता येत नाही.

तुमच्या घरी ओळख न पटलेली एखादी वस्तू असेल, तर पुढच्या गटसभेला जाताना तिचा फोटो घेऊन जा. म्हाताऱ्या बायांना पुढे बसवा आणि त्यांच्या तोंडून निघेल ते नाव वहीत लिहून घ्या.